जळालेल्या शहराच्या वह्या

१८४०च्या दशकातल्या शिकागोत जमीन घेणाऱ्याला आधी माणसांच्या नावांमागे धावावे लागे. कुक परगण्याच्या नोंदणी कचेरीत प्रत्येक खरेदीखताची आणि गहाणखताची नक्कल वहीत उतरवली जाई, पण सूची असे ती नावांची. देणाऱ्यांची एक, घेणाऱ्यांची दुसरी. एखाद्या प्लॉटचा खरा मालक कोण हे पाहायचे, तर आजच्या मालकाचे नाव धरून त्याला कोणी विकले ते शोधायचे, मग त्या विकणाऱ्याचे नाव धरून आणखी मागे जायचे, आणि असे करत करत सरकारने दिलेल्या पहिल्या सनदेपर्यंत पोचायचे. मधल्या एखाद्या नावाचे स्पेलिंग चुकलेले असले, किंवा बाप वारल्यावर तीन मुलींपैकी दोघींनीच सही केलेली असली, की साखळी तिथे तुटलीच. आणि ती तुटली आहे हे बहुतेक वेळा पैसे देऊन झाल्यावर कळे.

शहर वाढत होते भयंकर वेगाने. १८४०मध्ये साडेचार हजारांच्या आसपास असलेली वस्ती १८७०मध्ये तीन लाखांच्या घरात गेली. कालवा होणार म्हणून, रेल्वे येणार म्हणून प्लॉट विकले जात होते, तेच प्लॉट पुन्हा विकले जात होते, आणि प्रत्येक विक्रीबरोबर कचेरीतल्या वह्या फुगत होत्या. अशा वेळी, १८४७ साली, वकिलाच्या कचेरीत काम करणाऱ्या एडवर्ड रकरने वेगळी वही घातली. माणसाच्या नावाने पान न घालता त्याने जमिनीच्या नावाने पान घातले. त्या प्लॉटवर जे काही झाले, विक्री, गहाण, वाटणी, कोर्टाचा हुकूम, थकलेला कर, ते सगळे एकाखाली एक त्याच पानावर. अमेरिकेच्या मध्यभागी सरकारने जमीन आधीच चौकोनांत मोजून टाकली होती, सहा मैलांचे चौरस आणि त्यांचे छत्तीस भाग, त्यामुळे ही पद्धत तिथल्या मातीला चपखल बसली.

आपल्याकडे १९०८च्या नोंदणी कायद्यात हेच दोन प्रकार शेजारीशेजारी आहेत. इंडेक्स वन माणसांच्या नावांचा आणि इंडेक्स टू मालमत्तेचा. फ्लॅट घेताना ज्याची प्रत आपण हक्काने मागतो तो इंडेक्स टू म्हणजे मालमत्तेच्या बाजूने केलेली नोंद. आपल्याकडे ती सरकारने ठेवली. शिकागोत ती एका कारकुनाने स्वतःच्या धंद्यासाठी ठेवली, आणि पुढची दीडशे वर्षे या फरकाभोवती फिरत राहिली.

या वह्यांचे पहिले पान कुठून सुरू होते, हेही सांगायला हवे. १८३३मध्ये शिकागोला झालेल्या तहात पोटावाटोमी, ओजिब्वे आणि ओडावा लोकांनी मिशिगन सरोवराच्या पश्चिमेची लाखो एकर जमीन सोडली, आणि दोन वर्षांत पोटावाटोमींना मिसिसिपीपलीकडे निघून जावे लागले. मालकीची जी साखळी शोधकांनी पुढे इतक्या निष्ठेने सांभाळली तिचा पहिला दुवा म्हणजे सरकारची सनद. त्याआधी त्या मातीवर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्यांसाठी वहीत ओळ नाही. टायटल क्लिअर आहे, असे जेव्हा शिकागोत म्हटले गेले तेव्हा ते इथून पुढचे क्लिअर होते.

रकरची पद्धत हातोहात पसरली. १८७१पर्यंत शिकागोत अशा वह्या ठेवणाऱ्या तीन मोठ्या पेढ्या झाल्या होत्या: चेस ब्रदर्स, शॉर्टॉल अँड होर्ड, आणि जोन्स अँड सेलर्स. त्यांची माणसे रोज कोर्टाच्या इमारतीत जात, त्या दिवशी नोंदवलेल्या कागदांची टिपणे घेत आणि आपल्या वह्यांत उतरवत. गिऱ्हाइकाला ते मालकीचा गोषवारा तयार करून देत, मग तो गोषवारा वकील वाचे आणि मत देई. आपल्याकडचा तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट डोळ्यांपुढे आणला की काम समजते. हे काम कंटाळवाणे होते आणि पूर्णपणे दुय्यम समजले जाई, कारण खरी नोंद सरकारच्या कचेरीत होती. पेढीजवळ होती ती तिची सावली.

८ ऑक्टोबर १८७१, रविवार. रात्री नऊच्या सुमारास डिकोव्हन रस्त्यावरच्या एका गोठ्यात आग लागली. कित्येक आठवडे पाऊस नव्हता, नैऋत्येचा वारा सुटला होता, आणि शहर बहुतांशी लाकडाचे होते. पदपथही लाकडी होते. मध्यरात्रीनंतर नदी ओलांडून आग शहराच्या मध्यावर आली. कोर्टाच्या इमारतीचा मनोरा पेटला. तळघरात तुरुंग होता. कैद्यांना सोडून द्यावे लागले. धोक्याचा इशारा देणारी मोठी घंटा वाजतच होती, आणि दोन वाजून गेल्यावर कधीतरी ती मनोऱ्यासकट खाली कोसळली. त्या इमारतीबरोबर कुक परगण्याची प्रत्येक जमीन-नोंद जळाली. खरेदीखते, गहाणखते, मृत्युपत्रे, कोर्टाचे निकाल, नकाशे, सगळे.

कोर्टासमोरच शॉर्टॉलची कचेरी होती. आगीचे लोळ येताना पाहून जॉन शॉर्टॉलने रस्त्यावर एक मालाची गाडी अडवली. गाडीवान अर्थातच थांबायला तयार नव्हता, तेव्हा शॉर्टॉलच्या एका मित्राने पिस्तूल दाखवून त्याला धरून ठेवले, अशी हकीकत शिकागोत पुढे सांगितली गेली. वह्या गाडीत भरल्या गेल्या आणि गाडी दक्षिणेकडे निघाली. इतर दोन पेढ्यांनीही जे हाताला लागले ते बाहेर काढले. मला ही हकीकत वाचताना दरवेळी त्या वह्यांच्या वजनाचा विचार येतो. माणसे जीव घेऊन पळत होती, काहींनी पाळण्यातली मुले तेवढी उचलली होती, आणि काही जण इतरांच्या प्लॉटच्या नोंदी पाठीवरून वाहत होते.

दोन दिवसांनी आग विझली तेव्हा दोन हजार एकर जळून गेले होते, सतरा हजारांहून जास्त इमारती नव्हत्या, तीनशेच्या आसपास माणसे मेली होती आणि एक लाख बेघर झाली होती. आता शहर पुन्हा बांधायचे होते. त्यासाठी कर्ज हवे. कर्ज देणारा विचारणार, जमीन कोणाची? राखेच्या ढिगाकडे बोट दाखवून माझी म्हणणे सोपे होते, शेजाऱ्यानेही तेच म्हटले तर उत्तर देणारे सरकारी कागद उरले नव्हते. उत्तर होते ते तीन पेढ्यांकडे. एकीच्या वह्यांत जे गेले ते दुसरीकडे होते, आणि तिन्ही एकत्र मांडल्यावर पुरी साखळी जुळत होती. पेढ्यांनी ते ओळखले. स्पर्धा सोडून त्यांनी आपले दप्तर एकत्र केले, आणि ते हँडी, सिमन्स अँड कंपनी या पेढीच्या हातून चालू लागले. एप्रिल १८७२मध्ये इलिनॉय राज्याने जळालेल्या अभिलेखांचा कायदा केला आणि या खाजगी गोषवाऱ्यांना कोर्टात पुरावा म्हणून मान्यता दिली. सावली होती ती आता कायद्याने मूळ वस्तू झाली.

या घटनेकडे दोन तऱ्हांनी पाहता येते आणि दोन्ही खऱ्या आहेत. त्या वह्या नसत्या तर शिकागोतल्या हजारो कुटुंबांना आपली जागा सिद्ध करता आली नसती, बळजबरीने बसलेले लोक आणि खोटे दावेदार यांचे फावले असते. हे ऋण मोठे आहे. आणि त्याच दिवसापासून एका महानगराची जमिनीविषयीची सगळी स्मृती काही खाजगी लोकांच्या मालकीची झाली, तिला दर लागला, आणि त्या दराला पर्याय राहिला नाही. मला यातली दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची वाटते, कारण पहिली एका रात्रीची होती आणि दुसरी पिढ्यान्‌पिढ्या टिकली.

गोषवारा म्हणजे विमा नव्हे, हे इथे लक्षात ठेवले पाहिजे. शोधणाऱ्याने शोधले, वकिलाने मत दिले, आणि मत चुकले तर? त्याचे उत्तर पूर्वेकडे फिलाडेल्फियात एका खटल्याने दिले होते. वॉटसन विरुद्ध म्युरहेड, १८६८. वॉटसनने जमिनीतला हक्क विकत घेतला. व्यवहार पाहणाऱ्या म्युरहेडला आधीच्या मालकावरचे कोर्टाचे जुने हुकूमनामे सापडले होते. त्याने वकिलाला विचारले, वकील म्हणाला यांचा बोजा जमिनीवर बसत नाही, आणि म्युरहेडने व्यवहार निर्वेध असल्याचे सांगितले. पुढे तो बोजा बसला आणि वॉटसनचे पैसे गेले. पेनसिल्व्हेनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने म्युरहेडला जबाबदार धरले नाही. त्याने वकिलाचा सल्ला घेतला होता, निष्काळजीपणा केला नव्हता. म्हणजे सगळ्यांनी आपापले काम नीट केले होते आणि नुकसान मात्र खरेदीदाराचे झाले.

या निकालातून एक धंदा जन्माला आला. पेनसिल्व्हेनियाने १८७४मध्ये अशा विम्याला वाट देणारा कायदा केला. २८ मार्च १८७६ रोजी जोशुआ मॉरिस आणि फिलाडेल्फियातले त्याचे व्यवसायबंधू जमले आणि त्यांनी रिअल इस्टेट टायटल इन्शुरन्स कंपनी ऑफ फिलाडेल्फिया स्थापन केली. मालकीतल्या दोषावर विमा उतरवणारी ही पहिली कंपनी. पहिली पॉलिसी घेतली मॉरिसच्या मावशी-आत्यांपैकी एकीने, नॉर्थ ४३व्या रस्त्यावरच्या घरासाठी, १,५०० डॉलरची. घरातल्या माणसाने पुढे होऊन पहिला ग्राहक व्हावे, हे चित्र आपल्याला नवे नाही.

हा विमा इतर विम्यांहून मुळातच वेगळा होता. आग, मृत्यू, अपघात हे सगळे पुढे घडणारे. मालकीचा विमा उतरवला जातो तो होऊन गेलेल्या गोष्टींवर: चाळीस वर्षांपूर्वीची खोटी सही, कुठेतरी दूर राहणारा वारस, बांधकाम करणाऱ्याचे थकलेले पैसे, नवऱ्याने बायकोच्या सहीशिवाय विकलेली जागा. हप्ता एकदाच, खरेदीच्या वेळी. आणि कंपनीची सगळी हुशारी पैसे भरून देण्यात नसते, आधीच शोधून काढण्यात असते. म्हणून जिच्याजवळ चांगल्या वह्या तीच कंपनी चालणार. या वह्यांच्या दप्तराला धंद्यात टायटल प्लांट म्हणतात, आणि कंपनीची खरी मालमत्ता तीच.

शिकागोत त्या वह्या आधीपासून तयार होत्या. इलिनॉयमध्ये कायद्याने वाट मोकळी होताच, १८८०च्या दशकाच्या शेवटी, हँडींच्या पेढीचे रूपांतर टायटल गॅरंटी अँड ट्रस्ट कंपनीत झाले आणि गोषवाऱ्याच्या जोडीला हमी विकली जाऊ लागली. १८९१मध्ये शिकागो टायटल अँड ट्रस्ट हे नाव पुढे आले, आणि १९०१मध्ये शहरातल्या प्रमुख कंपन्या त्याच नावाखाली एकवटल्या. आगीतून गाडीवर आलेल्या वह्या आता एका छपराखाली होत्या.

ही मक्तेदारी लोकांना दिसत नव्हती असे नाही. शिकागोतच तिला उत्तर देण्याचा मोठा प्रयत्न झाला. दक्षिण ऑस्ट्रेलियात रॉबर्ट टॉरेन्सने १८५८मध्ये नवी व्यवस्था आणली होती. तो कस्टम खात्यात काम केलेला माणूस. त्याची कल्पना अशी की सरकारने कागदांची नोंद करण्याऐवजी मालकीचीच नोंद करावी. सरकारी दाखल्यावर ज्याचे नाव तो मालक, मागे खणत बसायचे नाही, आणि सरकारची चूक झाली तर भरपाई निधीतून द्यायची. आगीत होरपळलेल्या शहराला ही कल्पना भावली नसती तरच नवल. इलिनॉयचा पहिला टॉरेन्स कायदा कोर्टाने फेटाळला. १८९७मध्ये दुसरा झाला आणि कुक परगण्यात लागू झाला.

तो फसला, आणि कसा फसला हे पाहण्यासारखे आहे. नोंदणी ऐच्छिक होती. पहिल्यांदा नाव लावायचे तर कोर्टात जावे लागे, वकील, नोटिसा, खर्च, महिने. शेजारचा माणूस कंपनीकडे जाऊन काही दिवसांत पॉलिसी घेऊन येई. कर्ज देणाऱ्यांना सरकारी निधीपेक्षा कंपनीच्या भांडवलावर जास्त भरवसा वाटला. कंपन्यांनीही ही व्यवस्था रुजावी म्हणून बोटही हलवले नाही. दोन्ही पद्धती जवळजवळ शंभर वर्षे एकाच परगण्यात शेजारी नांदल्या आणि १९९०च्या दशकात टॉरेन्सचे दप्तर बंद झाले. कॅलिफोर्नियात तर १९३७मध्ये एकाच मोठ्या दाव्याने सरकारी भरपाई निधी रिकामा झाला, आणि १९५५मध्ये तो कायदाच रद्द करण्यात आला. जी व्यवस्था सगळ्यांवर लागू नाही आणि जिच्या निधीत पैसा नाही ती सरकारी आहे म्हणून टिकत नाही.

कॅलिफोर्नियात हा धंदा आणखी जोमाने वाढला, कारण तिथे गोंधळ अधिक होता. १८४८पर्यंत तो मुलूख मेक्सिकोचा. मोठमोठे रांचो, हाताने काढलेले नकाशे, ज्यात चतुःसीमा म्हणजे एखादा ओढा, एखादा ओकचा वृक्ष, अंतर मोजलेले घोड्यावर बसून दोरीने. अमेरिकेने १८५१मध्ये आयोग नेमला आणि जुन्या मालकांना आपले हक्क सिद्ध करायला सांगितले. आठशेहून अधिक दावे आले, आणि सरासरी एकेका दाव्याला सतरा वर्षे लागली. वकिलांची देणी भागवताना कित्येकांच्या जमिनी गेल्या, जिंकलेल्यांच्यासुद्धा. मग १८ एप्रिल १९०६ला सॅन फ्रान्सिस्कोला भूकंप आणि आग, आणि पुन्हा तेच: परगण्याचे दप्तर नष्ट. तिथे त्याच वर्षी मॅकेनर्नी कायदा झाला. जमीन कब्जात असलेल्याने दावा लावायचा, तो कोण्या एका प्रतिवादीविरुद्ध नव्हे, हक्क सांगू शकणाऱ्या सगळ्यांविरुद्ध. (त्याच आगीत जन्मनोंदीही गेल्या, आणि कडक बंदीखाली असलेल्या कितीतरी चिनी स्थलांतरितांना आपण इथेच जन्मलो असे सांगून नागरिकत्व मिळवता आले. कागद जळाला की सगळ्यांचेच नुकसान होते असे नाही.)

लॉस एंजेलिसच्या दक्षिणेला १८८९मध्ये ऑरेंज परगणा वेगळा झाला. नव्या परगण्यात गोषवारा तयार करणाऱ्या दोन पेढ्या निघाल्या, आणि १८९४मध्ये सी. ई. पार्कर यांनी त्या एकत्र करून ऑरेंज काउंटी टायटल कंपनी उभी केली. साठ-एक वर्षे ती त्या एका परगण्यापुरती राहिली, संत्र्यांच्या बागांच्या विक्रीची नोंद ठेवत. १९५७मध्ये पार्करांचे नातू डोनाल्ड केनेडी यांनी तिला परगण्याबाहेर काढले, १९६०मध्ये तिचे नाव फर्स्ट अमेरिकन झाले. आज ती या धंद्यातल्या सर्वांत मोठ्या कंपन्यांपैकी एक आहे, आणि तिचे बरेचसे काम बेंगळुरूमध्ये बसलेली माणसे करतात.

हा विस्तार कशामुळे झाला? कर्जामुळे. जोवर गावातली बँक गावातल्या माणसाला कर्ज देत होती तोवर गावच्या वकिलाचे मत पुरत होते. १९३४मध्ये सरकारने गृहकर्जांना विम्याचे पाठबळ दिले, १९३८मध्ये गृहकर्जे विकत घेणारी फॅनी मे ही संस्था स्थापन झाली, आणि १९४४नंतर युद्धावरून परतलेल्या सैनिकांना घरासाठी कर्जे मिळू लागली. आता कॅलिफोर्नियातले गहाण न्यूयॉर्कची आयुर्विमा कंपनी विकत घेत होती. तिला ऑरेंज परगण्यातल्या सांता आना गावच्या वकिलाचा परिचय असण्याचे कारण नव्हते. तिला एकाच मजकुराची पॉलिसी हवी होती, जी देशात कुठेही सारखीच वाचता येईल. मालकाच्या सुरक्षिततेसाठी निघालेला विमा सावकाराच्या गरजेने देशभर पसरला. आजही घर घेताना सावकाराची पॉलिसी जवळजवळ सक्तीची असते आणि तिचा हप्ता बहुधा कर्जदारच भरतो. स्वतःची पॉलिसी त्याने वेगळी घ्यायची.

मधे एक मोठा तडाखा बसून गेला होता. न्यूयॉर्कच्या काही टायटल कंपन्यांनी १९२०च्या दशकात मालकीबरोबर गहाणाच्या परतफेडीचीही हमी दिली. मंदी आली, हप्ते थकले, आणि १९३३मध्ये त्या कंपन्या राज्याच्या विमा खात्याला ताब्यात घ्याव्या लागल्या. जुन्या दोषांची हमी वेगळी आणि उद्याच्या बाजारभावाची हमी वेगळी, हे तेव्हा फार महागात शिकले गेले.

शिकागो टायटल मात्र टिकली. १९६९मध्ये ती लिंकन नॅशनलकडे गेली, १९८५मध्ये अ‍ॅलेगनी कॉर्पोरेशनकडे, आणि २०००मध्ये फिडेलिटी नॅशनलने ती घेतली. आता अमेरिकेतला बहुतेक धंदा मोजक्या समूहांच्या हाती आहे. इतर विम्यांत गोळा झालेल्या हप्त्यांचा मोठा हिस्सा दाव्यांत परत जातो. इथे तो साधारण पाच टक्क्यांच्या आसपास असतो. कंपन्या म्हणतात, आम्ही दोष आधीच दूर करतो म्हणून दावे येत नाहीत, आणि त्यात तथ्य आहे. पण मग ती रक्कम विम्याची कमी आणि दप्तर पाहण्याची फी जास्त आहे, हेही मान्य करावे लागेल. ते दप्तर सरकारने नीट ठेवले असते तर ती फी कोणी दिली असती?

आपल्याला हा प्रश्न परका नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेप्रमाणे सातबाऱ्यावरची नोंद खरी धरली जाते, ती विरुद्ध पुराव्याने खोटी ठरेपर्यंतच. दुय्यम निबंधक दस्त नोंदवतो, मालकी नव्हे. म्हणून तर वर्तमानपत्रांत जाहीर नोटिसा छापून येतात आणि चौदा दिवसांत हरकती मागवल्या जातात. २०१६च्या रेरा कायद्याच्या १६व्या कलमाने, सरकार अधिसूचना काढील त्याप्रमाणे बिल्डरने जमिनीच्या मालकीचा विमा उतरवण्याची तरतूद केली. २००८पासून केंद्र सरकार जमिनीच्या नोंदींचे संगणकीकरण करत आहे, आणि त्यामागचे अंतिम उद्दिष्ट टॉरेन्सच्या वाटेचे आहे: सरकारने हमी दिलेली मालकी. एकाच देशात शिकागोचे दोन्ही रस्ते एकदम धरले गेले आहेत. माझा कल उघड आहे. विमा असावा, पण तो सरकारी दप्तराची जागा घेणारा नसावा.

अमेरिकेतच एका राज्याने खाजगी विम्यावाचून चालवून पाहिले आहे. आयोवाने १९४७मध्ये मालकीच्या विम्याची विक्रीच बंद केली. तिथे जुनी पद्धत चालू राहिली, गोषवारा तयार करणारा आणि तो वाचणारा वकील. पण कर्जे विकत घेणाऱ्या राष्ट्रीय बाजाराला पॉलिसी हवीच होती, आणि आयोवातले सावकार ती राज्याबाहेरून आणू लागले. तेव्हा १९८५मध्ये राज्याने स्वतःची हमी योजना काढली, आयोवा टायटल गॅरंटी. शोध स्थानिक माणसेच घेतात, मत स्थानिक वकीलच देतो, आणि दोष निघाला तर राज्याच्या निधीतून भरपाई मिळते. जो पैसा उरतो तो आयोवातल्या लोकांच्या घरांच्या योजनांकडे वळवला जातो.